डावखुरीचा उजवा हात

रविवार, २० जुलै

सकाळी दोन इडल्या, बिनसाखरेचा चहा. दुपारी भाकरी, गिलक्याची भाजी. संध्याकाळी मूठभर चिवडा. मूठ माझी, आणि स्पिनरची मूठ मोठी असते.

डॉक्टर म्हणाले, साखर वाढलीय, खाल्लेलं रोज लिहीत जा. लिहिते. पण नुसतं खाल्लेलं लिहायचं म्हणजे किराणा भरल्यासारखं वाटतं, म्हणून बाकीचंही लिहिणार आहे. डॉक्टरांना दाखवायची वेळ आलीच तर चिवड्याचं पान दाखवीन नि पुढची धरून ठेवीन.

आज आमच्या सोसायटीची गणपतीची मीटिंग होती. यंदा सगळा कारभार बायकांकडे. अध्यक्ष वरच्या मजल्यावरची वेदिका. बँकेत आहे, बोलायला लागली की समोरच्याने सही करूनच उठायचं. ती म्हणाली, यंदा हलता देखावा करायचा, आणि विषय असा की गंगापूर रोडवर कुणी केला नसेल: आपल्या देशाच्या टीममधल्या फिरकी गोलंदाज बायका.  मी चपला शोधायला लागले.

"तीन पुतळे," वेदिका म्हणाली. "आत्ताच्या टीममधली लेगस्पिनर सृष्टी. दिंडोरीच्या चंद्रभागाताई, जुन्या ऑफस्पिनर. आणि तिसऱ्या, बारा वर्षं आपल्याच बिल्डिंगमध्ये राहून आपल्याला एका शब्दाने न सांगणाऱ्या आपल्या सुमनकाकू!"

टाळ्या. मला चोरी पकडल्यासारखं झालं. सगळ्या वळून माझ्याकडे बघताहेत, आणि मी एक चप्पल घालून उभी.

कुणी सांगितलं असेल? चंद्रभागाच. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. ह्यांना विचारलं तर हे पंख्याकडे बघत म्हणाले, "मला काय माहीत? पंखा आवाज करतोय का गं?"

मंगळवार, २२ जुलै

खाणं नीट. मन नीट नाही.

लिहूनच टाकते. देशासाठी सात वर्षं खेळले. डावखुरी स्पिन. बळी किती घेतले ते कुणाला ठाऊक नाही, कारण तेव्हा बायकांची मॅच टीव्हीवर दिसतच नव्हती. एकच दिसली, तीही सगळी नाही. त्र्याण्णव सालची परदेशातली फायनल. शेवटची ओव्हर माझी, समोरच्यांना नऊ रन हवेत. पहिल्या बॉलला सिक्स. मग थोड्या वेळात मॅच गेली. बातम्यांमध्ये तो सिक्स दाखवला. मी डोक्याला हात लावून उभी, बॉल प्रेक्षकांत. बस. सात वर्षांचं उरलं एवढंच.

त्यानंतर टीममध्ये घेतलं नाही. रेल्वेची नोकरी होती म्हणून बरं. नाशिकरोडला तिकीट खिडकीवर बसायचे तर एखादा वाकून म्हणायचा, "तुम्ही त्याच ना, शेवटच्या ओव्हरवाल्या?" मी म्हणायचे, सुट्टे पैसे द्या. मुदतीआधीच रिटायर झाले, इथे राहायला आलो, कुणी ओळखीचं नाही. किती बरं वाटलं होतं! आणि आता चौकात पुतळा उभा करणार, त्याला मोटर बसवणार, वर लाउडस्पीकरवरून निवेदन. दहा दिवस गंगापूर रोडला ऐकवणार की ह्या बाईने मॅच घालवली.

चंद्रभागेला फोन लावला. आम्ही दोघी दोन टोकांकडून टाकायचो, ती ऑफस्पिन, मी डावखुरी. खोलीही एकच असायची. आता दिंडोरीला तिच्या द्राक्षबागा आहेत. मी तिला झापणार होते, पण तिने तोंडच उघडू दिलं नाही.

"सुमे, मी काय नाय सांगितलं हां कुणाला! पन मला लय आनंद झालाय. म्हनावं, मला जरा बारीक करा. आनि गोरी."

"तू तेव्हा तरी कुठे बारीक होतीस?"

"म्हनून तर म्हनते. पुतळ्यात तरी होऊ दे."

मी म्हटलं, मला नकोय पुतळा. ती म्हणाली, "तुला कोन इचारतंय? आरती चालू झाल्यावर कापूर विझवती का?"

हिला काही वाटतच नाही. आणि सांगितलं हिने नाही तर कुणी? कुणीतरी आहेच.

शुक्रवार, १ ऑगस्ट

सकाळी पोहे. वरून शेव घातली नाही. (थोडी घातली.)

वेदिका फोटो मागायला आली. मी स्पष्ट सांगितलं, फोटो नाही आणि पुतळाही नको. मला काढून टाका, दोघींचा देखावा करा. ती म्हणाली, "काकू, पण का?" ह्या 'का'चं उत्तर मी बत्तीस वर्षांत कुणाला दिलं नाही, आता हिला देऊ? म्हटलं, मला गर्दी आवडत नाही. ती म्हणाली, गर्दी तुम्हाला थोडीच बघायची आहे, गर्दी तुम्हाला बघणार. ह्याला काय बोलणार! गेली, पण 'काढते' म्हणाली नाही.

संध्याकाळी चहा पिताना ह्यांनी एकदम विचारलं, "सुमन, तू बॉल कुठल्या बोटांत धरायचीस गं?"

लग्नाला पस्तीस वर्षं झाली. ह्या माणसाने एकदाही विचारलं नव्हतं. देवळालीच्या तोफखान्यात स्टोअर सांभाळण्यात जन्म गेला, क्रिकेट म्हणजे त्यांना वेळेचा अपव्यय. मी म्हटलं, का? तर म्हणाले, "सहज. लिंबू पिळताना आठवलं." दाखवलं मी लिंबावर. पहिलं बोट नि मधलं, असं फाकवून. हे बराच वेळ बघत होते. वय झालं की माणसं मऊ होतात, म्हणतात ते खरं दिसतंय.

रविवार, १० ऑगस्ट

हे हल्ली रोज दुपारी देवळाली कॅम्पात जातात. म्हणे जुना मित्र भिकन एकटा पडलाय, त्याच्याशी पत्ते खेळतो. खेळा बापडे. पण पँटला काय ते पांढरं पांढरं घेऊन येतात, धुता धुता माझे हात गेले. विचारलं तर म्हणाले, भिकनच्या घराला रंग चाललाय. एवढ्या पावसात कोण रंग देतं? भिकनचं पहिल्यापासूनच उलटं असतं.

शनिवार, १६ ऑगस्ट

काल स्वातंत्र्यदिनाची जिलबी. दोन वेढे. तिसरा ह्यांनी माझ्या ताटातून उचलला.

दोन दिवस डोक्यात एकच. लोकांना आम्ही स्पिनर कशा आठवू?

बॅटर मंडळींचं बरं असतं. रन लिहिलेले असतात, कुणीही उघडावं नि मोजावं. फास्ट बोलर उडालेल्या दांडीसाठी आठवतात. स्पिनरचं काय आठवणार? बळी मिळाला तर लोक म्हणतात, बॅटरच मूर्खासारखी पुढे आली. आणि आमचे खरे चांगले बॉल तर बॅटला लागतच नाहीत. जो लागला नाही तो कुठे लिहितात? स्कोअरच्या वहीत एक टिंब. तेच टिंब एखादीने घाबरून बॉल अडवला तरी, नि तिला समजायच्या आत तो वळून निघून गेला तरी. टिंब बघून कुणाला काय कळणार?

चंद्रभागा लोकांना आठवेल हसण्यासाठी. बॅटरशी गप्पा मारत मारत तिला बाद करायची, "ताई, जेवलीस का?" असं विचारून. सृष्टीचं काय, मोबाईलवर तिचे गुगली दिवसातून दहादा फिरतात. दहा वर्षांनी तिलाही एखादा सिक्स बसलेलाच फिरत राहील का? पोर बिचारी. मी तिला भेटलेली नाही, पण काल तिची ओव्हर बघताना मी पदराने कपाळ पुसत होते. सिक्स बसला नाही.  हे म्हणाले, "तू का घाम पुसतेस?"

आणि मी? मी त्या सिक्ससाठीच. कशात काय नि फाटक्यात पाय! पुतळा कशाला करतात मेले.

गुरुवार, २१ ऑगस्ट

आज जे झालं ते लिहायला हात शिवशिवतोय. खाल्लेलं उद्या.

दूर्वा-फुलांचा भाव बघायला म्हणून पंचवटीत गेले होते. (खोटं कशाला लिहू. पुतळा बघायला गेले होते. कसा केलाय, एवढं कळलं की पुढचं नीट घाबरता येतं.) गोरक्ष नावाचा माणूस आहे, दरवर्षी मंडळांना हलते पुतळे भाड्याने देतो. त्याच्या गोडाऊनमध्ये सगळीकडे प्लास्टरची धूळ, एका कोपऱ्यात बिनडोक्याचा राक्षस, आणि मध्ये आम्ही तिघी.

चंद्रभागा खरंच बारीक केली होती. सृष्टी छान. मी म्हणजे पांढरी पँट, निळी टोपी, आणि चेहरा गेल्या वर्षीच्या तलवारवाल्या राणीचा. डोळे एवढाले. मिश्या नाहीत एवढंच नशीब. तरी मी गप्प बसले असते. पण गोरक्षने कौतुकाने बटण दाबलं, मोटर घुर्रर्र झाली आणि हात फिरला.

उजवा.

माझा उजवा हात! जो मी जन्मात बॉलिंगला वापरला नाही!

"अरे बाबा, हे काय केलंस?" मी ओरडलेच. "मी डावखुरी आहे! डावखुरी!"

"डावाच तर लावलाय मावशी," गोरक्ष म्हणाला. "मला सांगितलं डावा, मी डावा लावला. इथे समोर उभं राहून बघा. कुठला दिसतो? डावीकडचाच ना?"

समोर उभं राहून! म्हणजे बघणाऱ्याची डावी बाजू. वेदिका समोर उभी राहिली असणार, बोट दाखवलं असणार, "हा डावा", आणि ह्या शहाण्याने मोटर तिथेच ठोकली. अख्ख्या मंडळात एकीलाही वाटलं नाही की एकदा पुतळ्याच्या पाठीमागे जाऊन बघावं. मी गोरक्षला धरून पुतळ्याशेजारी उभं केलं, त्याचा डावा हात वर करायला लावला, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आयला," म्हणाला, "मग गेल्या वर्षी राणीची तलवार..." आणि डोकं खाजवायला लागला.

तेवढ्यात राक्षसाच्या मागे कुणीतरी शिंकलं. हुबेहूब ह्यांच्यासारखी शिंक, शेवटी तो 'हाऽऽ' सुद्धा. एक क्षण मी दचकलेच. पण हे तर कॅम्पात. आणि त्या धुळीत कुणालाही शिंक येईल.

गोरक्षने वेदिकाला फोन करून बोलावलं. ती बँकेतून तशीच आली. बघितलं, कपाळाला हात लावला. "आता मोटर बदलायची म्हणजे खांदाच फोडावा लागेल," गोरक्ष म्हणाला, "स्थापना बुधवारी. मला अजून चार मंडळांची कामं आहेत."

वेदिका माझ्याकडे वळली. बिचारी खरंच माझ्या भल्यासाठी म्हणाली, "काकू, तुम्हाला नकोच होतं ना सुरुवातीपासून? जाऊ दे मग. तुम्हाला काढूनच टाकते. दोघींचा देखावा करू."

महिनाभर मी हेच मागत होते. देव दत्त म्हणून उभा राहिला होता, नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. आणि माझ्या तोंडून काय निघालं?

"नाही."

मलाच कळेना मी काय बोलले. पण मग थांबलेच नाही. म्हटलं, "हरलेली म्हणून ठेवायची तर ठेवा. तोंड राणीचं ठेवा. पण हात डावाच पाहिजे. खांदा फोडायचा तर मी फोडते. हातोडी कुठाय?"

गोरक्षने हातोडी लपवली नि म्हणाला, करतो मावशी, करतो.

बसमध्ये बसल्यावर भान आलं. ह्याला म्हणतात हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं. आता पुतळाही राहणार, निवेदनही राहणार. आणि तरी इतकी भूक लागली होती की स्टॉपवर उतरून एक प्लेट मिसळ खाल्ली. तर्रीसकट. हे लिहिलं, म्हणजे आजचं सगळं लिहिलं.

शनिवार, २३ ऑगस्ट

गोरक्षने खांदा बदलला. मग म्हणाला, मावशी, हात कसा जातो ते करून दाखवा, नाहीतर परत ओरडाल. साठाव्या वर्षी, त्या धुळीत, पदर खोचून, दोन पावलं टाकून बॉलिंग केली. बॉल नव्हता, दोऱ्याचं रीळ होतं. उजवा हात वर, डावा कानाजवळून, कोपर सरळ. खांद्यात कळ आली ती अजून आहे. पण रीळ वळलं! जमिनीला टेकलं नि चक्क वळलं.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "कोपर वाकला की नो-बॉल, हो ना?" मी थक्कच झाले. भिकनच्या घरी क्रिकेट बघत असतील पत्ते खेळता खेळता.

सोमवार, २५ ऑगस्ट

दोन भाकऱ्या. बाकी काही घशाखाली उतरलं नाही.

वेदिका निवेदन ऐकवायला आली होती. चंद्रभागेचं छान लिहिलंय. सृष्टीचं तर टाळ्याच टाळ्या. मग माझं. 'डावखुऱ्या फिरकीच्या जोरावर सात वर्षं देशाची सेवा केली आणि दुखापतीमुळे निवृत्ती स्वीकारली.'

"दुखापत? कसली दुखापत?"

वेदिका खाली बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "काकू, मी इंटरनेटवर बघितलंय ते. तो सिक्स. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटू नये."

म्हणजे हिला माहीत होतं. महिनाभर मी जे लपवत होते ते हिच्या मोबाईलमध्ये होतं, आणि ही मला लाडूचा डबा देऊन जात होती. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आणि मागोमाग राग आला. सगळी राग-लोभाची खिचडी.

"मला साधी करंगळी मुरगळली नाही कधी," मी म्हटलं. "सिक्स बसला, मॅच गेली, मला काढलं. मेले नाही काही. आणि ऐकायचंच असेल तर नीट ऐक, कारण तुझ्या इंटरनेटला पहिलाच बॉल माहीत आहे. दुसरा माहीत नाही."

मग सांगितलं तिला. नऊ हवे होते. पहिला बॉल मी उंच हवेत दिला, त्यांच्या बॅटरने तो प्रेक्षकांत टाकला. राहिले तीन. कॅप्टनने लांबून हात दाबून खूण केली, सपाट टाक, सपाट. सगळं मैदान ओरडतंय. हात ओला झालेला. सपाट टाकणं म्हणजे तिला सांगणं की मी घाबरले. मी परत उंच दिला. पहिल्यापेक्षा उंच, पण हळू, आणि बोटं जास्त फिरवून. तिला वाटलं, आला, घरी बसल्या आला. पाय रोवून तिने बॅट फिरवली. बॉल टप्पा पडून वळला आणि बॅटच्या कडेला नि ऑफ-स्टंपला, दोघांना चाटायचं राहून निघून गेला. ती वळून स्टंपकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून तिने मान हलवली. समोरच्या टीमच्या बाईने! मी आयुष्यात टाकलेला तो सगळ्यात चांगला बॉल. वहीत टिंब. तिसराही तसाच दिला. तिने फोर मारली. संपलं.

"तिसराही तसाच?" वेदिका म्हणाली.

"मग? दुसरा चांगला होता की नाही?"

वेदिकाने निवेदनाच्या कागदाची घडी घातली.  मग म्हणाली, "काकू, हे मला लिहिता येणार नाही. तुम्हीच बोला." आणि मोबाईल माझ्यापुढे धरला.

बोलले. एका दमात. कुठे अडखळले, कुठे नाक ओढलं, तेही त्यात गेलंय.

मंगळवार, २६ ऑगस्ट

सकाळी उठले तीच घाबरून. उचलली जीभ लावली टाळ्याला! आपल्याच तोंडाने, आपल्याच आवाजात, मॅच कशी घालवली ते लाउडस्पीकरवर? वेदिकाकडे धावले, पुसून टाक म्हणायला. कुलूप. फोन लागेना. दुपारी ह्यांना म्हटलं तर हे म्हणाले, "आता रेकॉर्डिंग मंडळाकडे गेलं." तुम्हाला कसं माहीत, म्हटलं. तर म्हणाले, असं असणार, एवढंच.

बुधवार, २७ ऑगस्ट

मोदक: चार. लिहितेय, कारण खोटं लिहून साखर उतरत नाही.

सकाळी बाप्पा बसले. संध्याकाळी देखाव्याचा पडदा उघडायचा होता. मी खाली गेले नाही. गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीच्या मागे उभी राहिले. हे खाली गेले होते, "जरा बघून येतो" म्हणून. पडद्यामागे कुणीतरी धावपळ करत होतं, तिथली वायर ओढ, इकडचा दिवा लाव. गोरक्षची माणसं असतील.

पुतळ्यातली चंद्रभागा टाकायला लागली, लोक हसले. मग माझ्यावर दिवा पडला. डावा हात वर आला, कानाजवळून. कोपर सरळ. मी त्या क्षणी सगळं विसरले नि मान डोलावली, बरोब्बर! आणि मग माझा आवाज आला. स्वतःचा आवाज किती चिरका असतो, देवा! मी चादर तोंडावर ओढून घेतली.

"...पहिल्या बॉलला सिक्स बसला," माझा आवाज म्हणाला. खाली सगळे एकदम "अरेरे!"

मी डोळे मिटून घेतले. आता काहीतरी बोलतील. हसतील. कुणीतरी ओरडेल.

"दुसरा मी परत उंचच दिला."

सगळे चिडीचूप. खालून जाणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू आला तर कुणीतरी म्हणालं, "शूऽऽ!" आणि तो बॉल वळला, हुकला, तेव्हा दीडशे माणसांच्या तोंडून एकदम "हाऽऽय!" निघालं. तळमळून. जणू त्यांचाच बॉल होता.  फोर बसली तेव्हा कुणी अरेरेसुद्धा केलं नाही, एका म्हातारबाबांनी नुसतं "असू दे बाई, असू दे" म्हटलं. मोठ्याने. पुतळ्याला.

मी खुर्ची ओढून बसले आणि रडले. छान रडले. तिकीट खिडकीपासून रडायचं राहिलं होतं. एवढंसं होतं तर! बत्तीस वर्षं ज्याला घाबरले ते लाउडस्पीकरवरून सांगून झालं आणि आभाळ होतं तिथेच आहे. चौथा मोदक त्यानंतरचा.

हे वर आले तर अंगभर धूळ, हाताला ग्रीस. गर्दीत ढकलाढकली झाली म्हणाले. डोळे लाल. धुळीने.

रविवार, ३१ ऑगस्ट

उपास सोडून सगळं खाल्लं.

चंद्रभागा दिंडोरीहून आली. बागेत फवारणी चालू असताना आली म्हणजे बघा. स्वतःच्या पुतळ्यासमोर उभी राहून म्हणाली, "सुमे, माझी कंबर एवढी कधी होती गं?" मग माझं निवेदन ऐकलं. पूर्ण. ती त्या दिवशी कव्हरला उभी होती. मला वाटलं हसवेल काहीतरी. ती माझा हात धरून म्हणाली, "मला वाटायचं, तू तो दुसरा इसरली आसशील. म्हनून मी कधी काढला नाय. मला लय आवडला होता तो."

आम्ही दोघीही एकमेकींना दुखवायला नको म्हणून गप्प होतो. एवढी वर्षं. फोनवर द्राक्षांचे भाव बोलत होतो.

जाताना तिने ह्यांच्याकडे बघून डोळा मारला नि म्हणाली, "दाजी, काम झ्याक झालं." कसलं काम, मी विचारलं. दोघांनी एकदम पावसाचा विषय काढला.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

उद्या विसर्जन. शेवटची संध्याकाळ म्हणून मी पहिल्यांदाच खाली, गर्दीत जाऊन उभी राहिले. कुणी बघितलं नाही, सगळे देखावा बघत होते. शेजारी माझ्याच वयाची एक बाई, हातात भाजीची पिशवी, साडी चांगली धुतलेली, पायात पावसाळी चप्पल. देखावा संपला की लोक पुढच्या मंडळाकडे जायचे, ही तिथेच. तीनदा बघितला तिने. तिसऱ्यांदा माझ्या बॉलला पुतळ्याबरोबर तिचाही हात थोडा वर गेला, पिशवीसकट.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय बाई म्हणायची! सिक्स बसल्यावर मी तर तिथूनच घरी पळाले असते. हिने परत तसाच टाकला."

"अगदी तसाच नाही," माझ्या तोंडून गेलं. "दुसरा थोडा हळू होता. बोटं जास्त फिरवली."

"तुम्हाला हो कसं माहीत?"

मी पुतळ्याकडे बघितलं. हात फिरत होता. पळून जायला जागा होती, मागे गेट उघडं होतं, लोक बाजूला होत होते. मला पळायचंच नव्हतं.

"मीच टाकला होता," मी म्हटलं.

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पुतळ्याकडे, मग परत मला. "तुमचं नाक चांगलंय की," म्हणाली. "ह्या मंडळवाल्यांनी उगीच वाकडं केलंय." आणि मग पिशवी ह्या हातातून त्या हातात घेऊन, माझ्या अगदी जवळ सरकून तिने विचारलं, "मला सांगा ना, तो दुसरा बॉल तिला हुकला, तेव्हा तुम्हाला कसं वाटलं हो?"

सिक्सचं सगळ्यांनी विचारलं होतं. पेपरवाल्यांनी, साहेबांनी, तिकीट काढणाऱ्यांनी, नातेवाइकांनी. हे कुणी कधीच विचारलं नव्हतं. मी बोलायला लागले, मग शब्द थांबेनात. तिची कॅम्पची बस आली, थांबली, निघून गेली. मी सांगतच होते आणि ती ऐकत होती.